निक्कोची समाधी

निक्को पाहिल्याखेरीज कशालाही ‘सुंदर’ म्हणू नये, अशा अर्थाची एक म्हण जपानात आहे. म्हणींत अतिशयोक्ती असायचीच. आपल्याकडेही प्रत्येक गावाला आपला घाट, आपले देऊळ त्रिभुवनात एकमेव वाटत असते. म्हणून ती म्हण आम्ही थोडी राखूनच ऐकली होती. पण निक्कोला जाण्याचे आमचे कारण सौंदर्य हे नव्हतेच. तेथे एका राज्यकर्त्याची समाधी आहे आणि ती समाधी हेच एक देवस्थान आहे. राज्य चालवणारा, लढाया करणारा, शत्रूचा निर्वंश करणारा माणूस मेल्यानंतर वर्षभरात विधिपूर्वक देव होतो आणि चारशे वर्षे लोक त्याच्यापुढे मान लववतात, हे कसे घडते ते आम्हांला पाहावयाचे होते.

टोकियोच्या उत्तरेस सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर, तोचिगी प्रांताच्या डोंगरात हे गाव वसले आहे. टोकियोच्या आसाकुसा स्थानकावरून निघालेली आगगाडी दोन तासांच्या आतबाहेर तेथे पोचवते. सपाट भातशेती संपून डोंगर जवळ येऊ लागले की खिडकीतून उंच, सरळसोट, काळपट हिरव्या झाडांच्या रांगा दिसू लागतात. हे ‘सुगी’ वृक्ष. आपल्या हिमालयातल्या देवदाराची आठवण व्हावी असे त्यांचे रूप आहे, मात्र जात वेगळी. निक्कोकडे येणाऱ्या तीन जुन्या रस्त्यांच्या दुतर्फा मिळून सुमारे सदतीस किलोमीटर ही झाडे उभी आहेत. मात्सुदाइरा मासात्सुना नावाच्या सरदाराने सुमारे वीस वर्षे खपून ती लावली. दंतकथा अशी, की इतर सरदारांनी समाधीस मोठमोठे दीपस्तंभ वाहिले. ह्याच्याजवळ तेवढा पैसा नव्हता, म्हणून ह्याने रोपे वाहिली. दंतकथेत तथ्य किती कोण जाणे, परंतु दीपस्तंभांपाशी यात्रेकरू क्षणभर थांबतो आणि झाडांच्या सावलीतून मैलोगणती चालतो, हे मात्र खरे. त्या वेळी लावलेल्या सुमारे दोन लाखांपैकी आज बाराएक हजार झाडे उरली आहेत. १९९६ पासून प्रांताच्या सरकारने त्यांच्यासाठी एक योजना काढली. एक कोटी येन ठेवून कोणीही एका झाडाचा मालक होतो. त्या ठेवीच्या उत्पन्नातून झाडांची निगा राखली जाते आणि मालकी सोडली की ठेव परत मिळते. गरीब सरदाराच्या दानाला असे नवे धनको लाभले आहेत.

गाव संपते तेथे दाइया नदीवर लाखेने रंगवलेला एक तांबडा कमानदार पूल आहे. शोदो नावाचा बौद्ध भिक्षू आठव्या शतकात येथे आला तेव्हा नदीच्या लोंढ्यामुळे त्याला पलीकडे जाता येईना. त्याच्या प्रार्थनेने दोन सर्प प्रकटले आणि त्यांनी आपल्या अंगाचा पूल केला, अशी कथा सांगतात. ७६६ साली त्याने येथे पहिला विहार बांधला. येथील पर्वताचे जुने नाव फुतारा. ते आपल्या ‘पोतलक’ ह्या संस्कृत शब्दावरून, म्हणजे अवलोकितेश्वराच्या निवासस्थानाच्या नावावरून आले असे मानतात. त्याच अक्षरांचा दुसरा उच्चार ‘निको’, आणि त्याला पुढे सूर्यप्रकाश ह्या अर्थाची अक्षरे मिळाली. थोडक्यात, समाधी बांधली जाण्यापूर्वी साडेआठशे वर्षे हे क्षेत्र होतेच.

ज्याची ही समाधी त्याचे नाव तोकुगावा इएयासू. तो राजा नव्हता. राजा, म्हणजे सम्राट, क्योतो येथे होता. पण खरी सत्ता ‘शोगुन’ ह्या सेनापतीच्या हाती असे. साताऱ्याची गादी आणि पुण्याचा कारभार ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकांस हे फार समजावून सांगावयास नको. इएयासूचा जन्म १५४३ चा, मिकावा प्रांतातल्या एका लहानशा सरदार घराण्यातला. घराणे दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या कात्रीत सापडलेले. त्यामुळे पोरवयातच त्याला ओलीस म्हणून परक्यांच्या घरी राहावे लागले. पुढे १५७९ साली, ज्याच्याशी मैत्री केली त्या ओदा नोबुनागाच्या संशयाखातर, त्याच्या पत्नीला मारण्यात आले आणि थोरल्या मुलाला पोट चिरून घ्यावे लागले. हे सारे त्याने गिळले. वाट पाहण्याची विद्या त्याच्याइतकी कोणालाही साधली नाही, असे जपानी लोक म्हणतात. नोबुनागा गेला, त्याच्यामागून आलेला तोयोतोमी हिदेयोशी १५९८ मध्ये गेला, आणि १६०० साली सेकिगाहाराच्या मैदानावर एका दिवसाच्या लढाईत इएयासूने जपानची सत्ता मिळवली. १६०३ मध्ये तो शोगुन झाला आणि दोनच वर्षांनी ते पद मुलाला देऊन, सूत्रे मात्र आपल्या हाती ठेवून मोकळा झाला.

राहिला होता हिदेयोशीचा मुलगा हिदेयोरी. तो ओसाकाच्या किल्ल्यात होता, आणि इएयासूचीच नात त्याला दिलेली होती. भांडणाला निमित्त झाले ते एका घंटेचे. हिदेयोरीने क्योतोच्या एका बौद्ध मंदिराला भली मोठी घंटा दिली. तिच्यावरील लेखात इएयासूच्या नावाची दोन अक्षरे मध्ये तिसरे घालून तोडलेली आहेत, हा शाप आहे, असा आरोप इएयासूच्या पक्षाने केला. ती घंटा आजही क्योतोला आहे. १६१५ च्या उन्हाळ्यात ओसाकाचा किल्ला पडला, हिदेयोरीने आणि त्याच्या आईने आत्महत्या केली. हिदेयोरीच्या आठ वर्षांच्या मुलाचा क्योतोच्या नदीपात्रात शिरच्छेद झाला. धाकट्या मुलीचा जीव वाचला. तिने कामाकुराच्या मठात भिक्षुणी होऊन आयुष्य काढले. त्यानंतर जपानात अडीच शतके मोठे युद्ध झाले नाही. हे दोन्ही मनात ठेवूनच निक्कोच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

पुढच्याच वर्षी, १६१६ मध्ये, सुंपू येथे इएयासू वारला. आपल्यामागे काय करावे हे त्याने स्वतःच सांगून ठेवले होते. देह कुनो पर्वतावर ठेवावा, उत्तरक्रिया एदो शहरातल्या झोजोजी मंदिरात करावी, नावाची पाटी मिकावातल्या दाइजुजी ह्या मंदिरात ठेवावी, आणि वर्षश्राद्ध झाल्यावर निक्कोच्या डोंगरात एक लहानसे देऊळ बांधून आपले आवाहन करावे. तेथून आपण पूर्वेकडील प्रांतांचे रक्षण करू. ‘लहानसे’ हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा.

देव करावयाचा हे ठरले, पण कोणत्या प्रकारचा देव, ह्यावर पंडितांचे मोठे भांडण झाले. एका पक्षाचे म्हणणे, त्याला ‘दाइम्योजिन’, म्हणजे महान तेजस्वी देव, ही पदवी द्यावी. तेनकाई नावाच्या तेंदाई पंथाच्या वृद्ध भिक्षूने विरोध केला. त्याचा युक्तिवाद एका वाक्याचा होता. हिदेयोशीला मेल्यावर हीच पदवी दिली होती, त्याच्या वंशाचे काय झाले ते पाहा! ह्यापुढे कोणाचे काही चालले नाही. तेनकाईने सुचवलेली पदवी ‘गोंगेन’. तिचा अर्थ, तात्पुरते रूप घेऊन प्रकटलेला. आपल्या भाषेत सरळ ‘अवतार’. मूळ तत्त्व बुद्धाचे, आणि लोकांसाठी घेतलेले रूप जपानी देवाचे. इएयासूचे मूळ तत्त्व याकुशी, म्हणजे संस्कृत ग्रंथांतला भैषज्यगुरू बुद्ध, असे ठरले. १६१७ मध्ये सम्राटाने ‘तोशो दाइगोंगेन’, पूर्वेला प्रकाशणारा महावतार, ही पदवी दिली आणि त्याच वर्षी मोठ्या मिरवणुकीने त्याला कुनो पर्वतावरून निक्कोला आणले गेले. ही कल्पना आपल्या देशातून चीनमार्गे फिरत फिरत गेलेली. पण एका सेनापतीला देवत्व देताना वकिली मुद्द्यासारखी ती वापरली जावी, ह्याचे आम्हांला नवल वाटले.

आता तो ‘लहानसे’ शब्द. पहिले देऊळ बेताचेच होते. आज दिसते ते वैभव इएयासूचा नातू, तिसरा शोगुन इएमित्सू, ह्याचे. आजोबांनी आपल्याला वारस नेमले नसते तर धाकट्या भावाला गादी मिळाली असती, ही जाणीव त्याला जन्मभर होती अशी परंपरा सांगते. १६३४ ते १६३६ ह्या काळात, सतराएक महिन्यांत, त्याने सारे देवस्थान नव्याने उभारले. हिशेबाच्या वह्यांप्रमाणे ५ लाख ६८ हजार र्‍यो सोने, शंभर कान रुपे आणि हजार कोकू तांदूळ एवढा खर्च आला. कारागीर आणि मजूर ह्यांचे मिळून पंचेचाळीस लाखांवर दिवस कामी लागले. त्याच वेळी यमुनेच्या काठी ताजमहालाचे काम चालू होते, आणि शिवनेरीवर जन्मलेले शिवबा सहा वर्षांचे होते. पृथ्वीच्या दोन कोपऱ्यांत दोन राज्यकर्ते एकाच वेळी समाधीवर खजिने रिते करीत होते. एक पत्नीसाठी, एक आजोबांसाठी.

पहिले द्वार दगडी तोरणाचे. नऊ मीटर उंचीचे हे ‘तोरी’ १६१८ मध्ये कुरोदा नागामासा ह्या सरदाराने दक्षिणेकडील क्यूशू बेटावरून दगड समुद्रमार्गे आणवून उभे केले. डाव्या हाताला पाच मजली मनोरा आहे. मूळचा जळाला, सध्याचा १८१८ चा. त्याच्या पोटातला मधला खांब वरून टांगलेला असून त्याचे टोक जमिनीला टेकत नाही. लाकूड आटून मजले खाली दबले तरी खांबाने छप्पर फोडू नये, ही त्यातली युक्ती.

आत तीन भांडारे आहेत. त्यांपैकी वरच्या भांडाराच्या त्रिकोणी भिंतीवर दोन हत्ती कोरले आहेत, आणि ते पाहून आम्हां सर्वांना एकदम हसू फुटले. कान भलतेच, शेपटीचा झुपका भलताच, डोळ्यांत एखाद्या मिस्किल म्हाताऱ्याचा भाव! कानो तान्यू ह्या थोर चित्रकाराने हत्ती न पाहताच, ऐकीव माहितीवरून ते रेखाटले असे सांगतात. जपानीत त्यांचे नावच ‘कल्पनेतले हत्ती’ असे आहे. दाराशी झुलणारा हत्ती पाहत लहानाचे मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना ते चुकलेले वाटतील. पण थोडा वेळ पाहिल्यावर हसू ओसरले. न पाहिलेल्या प्राण्याविषयी एवढा आदर चितारणे काही सोपे नाही.

समोरच देवाच्या घोड्याची पागा. साऱ्या आवारात हीच एक इमारत रंग-लाखेवाचून, साध्या लाकडाची. तिच्या वरच्या पट्टीवर आठ फलकांत सोळा माकडे आहेत, आणि त्यांतच ती जगप्रसिद्ध तीन: एक डोळे झाकलेले, एक कान, एक तोंड. गांधीजींनी आपल्याजवळ बाळगलेल्या छोट्या मूर्तीमुळे ती आपल्या घराघरांत पोचली आहेत. जपानीत माकडाला ‘सारू’ म्हणतात, आणि ‘-झारू’ हा नकाराचा प्रत्यय. म्हणून ‘मिझारू, किकाझारू, इवाझारू’, पाहत नाही, ऐकत नाही, बोलत नाही, हा श्लेष. मात्र ही तीन म्हणजे एका मोठ्या गोष्टीचे एकच पान आहे. पहिल्या फलकावर आई आपल्या पिलाचे भविष्य दूरवर न्याहाळते आहे. दुसऱ्यावर ही तीन पिले, म्हणजे बाळपणी वाईट पाहू, ऐकू, बोलू नये हा धडा. मग एकटेपणा, महत्त्वाकांक्षा, निराशा, प्रेम, संसाराच्या लाटा, आणि शेवटी गर्भार माकडीण. पागेवर माकडे का, तर माकड घोड्याचे रोग दूर ठेवते ही समजूत. इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांना ‘तबेले की बला बंदर के सिर’ ही म्हण येथे हटकून आठवेल.

पुढच्या अंगणात परदेशी नजराणे आहेत. कोरियाच्या राजाने १६४३ मध्ये पाठवलेली घंटा आहे. तसाच डच व्यापाऱ्यांनी दिलेला फिरता दीप. त्या दीपावर तोकुगावा घराण्याचे तीन पानांचे चिन्ह उलटे बसवलेले आहे. ज्याच्या नावाची अक्षरे तुटली म्हणून युद्ध झाले, त्याच्याच समाधीवर परक्यांनी त्याचे चिन्ह उलटे लावले आणि ते कोणी काढले नाही! सत्ता पक्की झाली की मान-अपमानाचे काटेही बोथट होतात, एवढाच ह्यातून आम्ही बोध घेतला.

मग योमेइमोन. ह्या एका दरवाजावर पाचशे आठ शिल्पे आहेत: ड्रॅगन, सिंह, ऋषी, खेळणारी मुले, फुले. पाहता पाहता दिवस मावळतो, म्हणून त्याला ‘संध्याकाळ करणारे दार’ असेही म्हणतात. पांढरे खांब, सोन्याचा मुलामा, निळे-हिरवे रंग. २०१३ ते २०१७ मध्ये जीर्णोद्धार झाल्यापासून तो अगदी नव्यासारखा झळकतो. ब्रूनो ताऊत हा जर्मन वास्तुविशारद १९३३ साली जपानात आला. त्याला क्योतोजवळचा कात्सुराचा साधा प्रासाद आणि इसेचे उघड्या लाकडाचे मंदिर अत्यंत आवडले, आणि निक्को भडक व पोकळ वाटले. आमच्यातही तट पडले. कोणाला ही निव्वळ श्रीमंतीची जाहिरात वाटली. कोणी म्हणाले, मुलांची आणि फुलांची शिल्पे एवढ्या मायेने कोरणारा कारागीर जाहिरात करीत नव्हता.

ह्या दरवाजाच्या बारा खांबांपैकी एकावरची नक्षी मुद्दाम उलटी कोरलेली आहे. काम पूर्ण झाले की ऱ्हास सुरू होतो; म्हणून ते अपुरेच ठेवायचे, म्हणजे दृष्टही लागणार नाही आणि क्षयही होणार नाही. तान्ह्याच्या गालावर काजळाचा ठिपका लावणाऱ्या आपल्या आयांना हे तत्त्वज्ञान कोणी शिकवावयास नको. अमर्याद सत्तेच्या ऐन दुपारी इएमित्सूच्या कारागिरांनी हे भय त्या खांबावर नोंदवून ठेवले आहे.

उजवीकडे एका दारावर तळहाताएवढी झोपलेली मांजर कोरली आहे. ती हिदारी जिंगोरो ह्या कथाप्रसिद्ध शिल्पकाराची मानतात. त्याच पट्टीच्या मागल्या बाजूस चिमण्या खेळत आहेत. मांजर झोपली आहे म्हणून चिमण्या निर्धास्त, हेच युद्ध संपल्याचे चित्र, असा लोकांनी लावलेला अर्थ. ह्या मांजरीखालून गेले की रंग संपतात. सुगींच्या गर्द छायेत शेवाळलेल्या दगडी पायऱ्या वर चढत जातात, २०७ पायऱ्या. हा वरचा भाग शतकानुशतके सामान्यांस बंद होता; १९६५ मध्ये, साडेतीनशेव्या स्मृतिवर्षाच्या निमित्ताने, तो खुला झाला.

आणि माथ्यावर समाधी. ना शिल्पे, ना रंग. दगडी कठड्याआड, पायऱ्यांच्या चौथऱ्यावर, पाच मीटर उंचीचा स्तूपासारखा एक धातूचा मनोरा. आधी तो लाकडी होता, मग दगडी झाला. १६८३ च्या भूकंपानंतर तांबे, सोने, रुपे ह्यांच्या मिश्रणातून ओतला गेला. समोर तीन उपकरणे: मेणबत्तीसाठी बगळ्यासारखा क्रौंच पक्षी, कमळांची फुलदाणी, आणि वर सिंह बसलेले धूपपात्र. वाट कठड्याभोवतीने जाते, त्यामुळे प्रदक्षिणा आपोआप घडते. हा मनोरा कधी उघडलेला नाही.

येथे आमच्यापैकी एका वडीलधाऱ्या बाईंनी हात जोडले नाहीत. “आठ वर्षांच्या पोराला मारले ना ह्यांनी? मग मी नाही नमस्कार करायची,” एवढेच त्या म्हणाल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. दुसरे एक जण म्हणाले, “त्या एका पोरापायी पुढच्या दहा पिढ्यांची पोरे लढाईत मेली नाहीत, तेही धरा.” बाईंचे उत्तर तयार होते: “ते त्या पोराच्या आईला सांगा.” ह्यावर कोणी काही बोलले नाही. आम्हांला दोघांचेही पटत होते, आणि आजही पटते. शांततेची किंमत भरणारे एक आणि तिचा उपभोग घेणारे दुसरे असतात. समाधीचा कठडा दुसऱ्यांच्या बाजूने बांधलेला असतो. मांजरीमागच्या चिमण्या खेळत राहिल्या खऱ्या. पण झोपण्यापूर्वी मांजरीने काय खाल्ले ते शिल्पात नाही.

इएयासूचा देह खरोखर येथे आहे का, हाही प्रश्न आहेच. कुनो पर्वतावरचे लोक म्हणतात, देह आमच्याकडेच. निक्कोला गेला तो देवाचा अंश. तेथेही १,१५९ पायऱ्यांवर तोशोगू आहे, मागे समाधी आहे, आणि ठेवणीत स्पेनच्या राजाने पाठवलेले १५८१ सालचे घड्याळ आहे. निक्को आपला हक्क सोडत नाही. दोन्ही समाध्या बंद आहेत आणि बंदच राहतील. भाविकांचे त्यावाचून अडलेले नाही.

इएमित्सूने स्वतःची समाधी ह्याच डोंगरात, आजोबांच्या देवळाहून उणी दिसेल अशा बेताने बांधावयास सांगितली. त्याच्या वंशजांचे राज्य १८६८ साली संपले. त्या धामधुमीत शोगुनचे सैनिक निक्कोत शिरले होते; सम्राटपक्षाचा सेनानी इतागाकी ताइसुके ह्याने, येथे लढाई नको, बाहेर पडा, असा निरोप पाठवून हे स्थान वाचवले. तांबड्या पुलाजवळ त्याचा पुतळा आहे. नव्या राजवटीने बुद्ध आणि शिंतो देव वेगळे करण्याचा हुकूम काढला, आणि एका क्षेत्राची तोशोगू, फुतारासान आणि रिन्नोजी अशी तीन देवस्थाने झाली. तेनकाईने एवढ्या हिकमतीने जुळवलेला ‘अवतार’ कागदावर तरी उसवला गेला. १९९९ मध्ये तिन्ही मिळून जागतिक वारसा ठरली, हा काळाचा विनोद.

पण मेइजी सरकारने आणखी एक गोष्ट केली. तोशोगूत इएयासूच्या जोडीला दोन देव बसवले: बाराव्या शतकातला पहिला शोगुन मिनामोतो नो योरितोमो, आणि तोयोतोमी हिदेयोशी. ज्याच्या वंशाचा ओसाकात अंत झाला, ज्याचे देऊळ तोकुगावांनी बंद पाडले, ज्याची पदवी अपशकुनी म्हणून तेनकाईने नाकारली, तोच हिदेयोशी. दरवर्षी १८ मे रोजी, कुनोहून निक्कोला झालेल्या त्या प्रवासाच्या स्मरणार्थ, चिलखते ल्यालेल्या हजारएक लोकांची मिरवणूक निघते. तीत पालख्या तीन असतात. सुगींच्या सावलीतून इएयासूच्या मागोमाग हिदेयोशीही लोकांच्या खांद्यांवरून जातो, आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली मुले दोघांनाही सारख्याच कौतुकाने पाहतात.